तुझे दाजी जिंदा हायत, पण कुणाला सांगू नको

चिरंजीव सिताराम यास, थोरल्या अक्काचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. रेणुकाची कंबर आता कशी हाय ते कळव. म्हैस व्याली असती तर खरवस आला असता, आला न्हाई म्हणजे व्याली नसंल असं धरून चालले. इकडं आमी सगळे ठीक हाव. सगळे म्हणजे सगळे. हे दोनदा कामून लिहायले ते तुला कळंलच.

गेल्या आठवड्यात तू रडत रडत निकिताच्या मोबाईलवर फोन केलास, दाजी कसे काय गेले गं अक्का म्हणून, आन तो फोन दाजीनंच उचलला. मोबाईल बाजेवर पडला होता, म्हणून त्येंनी हॅलो म्हणलं. पुढं तुझा आवाज आला न्हाई, रेणुकाच्या किंचाळण्याचा आला, आन फोन बंद. तवापासून तो बंदच हाय. हे म्हणायलेत, माझ्या जाण्याचा सितारामाला लय धक्का बसला. मी म्हणलं, जाण्याचा न्हाई, असण्याचा बसला. तुला फोनवर समजवायचं म्हणलं तर तू उचलायला तर पायजेस. म्हणून हे पत्र सिद्धोधन गुरुजींच्या हाती पाठवायले. ते आमच्या गावच्या शाळेवर हायत, तुझ्या पिंगळीच्या स्टेशनावरून त्येंना पुढं जायचंय. त्येंची बबिता आन आपली निकिता एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. (गुरुजींना काही विचारू नको. त्येंना खोटं बोलता येत न्हाई, आन खरं बोलायची सध्या गावाला परवानगी न्हाई.)

आता पहिल्यापासून सांगते. आमच्या गावची सकाळची गाडी दिवाळी झाली आन बंद झाली. त्याच गाडीनं भागवतची निकिता पालमला बारावीला जायची. दोन-चार दिवस वाट बघितली, मग मी भागवतला घेऊन डेपोत गेले. पोटचा पोरगा हाय म्हणून सांगायले, पण भागवत सरकारी माणसापुढं उभा राहिला की पायजम्याची नाडी चाचपत राहातो, म्हणून बोलावं मलाच लागलं. तिथला साहेब माणूस बरा होता. चहा पाजला, पंखा माझ्याकडं फिरवला आन खाली मान घालून म्हणला की मावशी, आमच्या हातात काही न्हाई, आमदार साहेबांचं पत्र आलंय, ती गाडी आता त्येंच्या सासुरवाडीवरून जाती. मी म्हणलं, तिथं कोण बसतं. तर म्हणला, साहेबांच्या सासूबाई बसतात, त्येंना सकाळी देवळात जायचं असतं. आन दुसरं कोण. तर म्हणला, त्येंची पिशवी. म्हणजे बघ सिताराम, एका म्हातारीच्या नारळ-उदबत्तीसाठी अख्ख्या गावाची गाडी. मीबी म्हातारीच हाय. मी देवळात पायी जाते आन देवाला तसं तोंडावर सांगते की पायी आले.

भागवतनं काही दिवस पोरीला मोटरसायकलवर नेऊन सोडलं. मग कापूस वेचणीला आला. म्हणला, वेचायला बाया बघू का हिला सोडू. जीपगाड्यात माणसं दारं धरून लोंबकळत जात्यात, त्यात तो पोरीला बसू देत न्हाई, ते बरोबरच हाय. पण एका रात्री जेवता जेवता म्हणला की आता राहू दे ते कॉलेज, मानवतकडचं एक स्थळ आलंय, मुलाचं खताचं दुकान हाय, बघून घेऊ. सुनेनं, राजेश्रीनं, भाकरीचा तवा असा आपटला की मला वाटलं चूल फुटली. निकिता उठली आन गोठ्यात जाऊन रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली. रडली न्हाई, ते मला आवडलं. तू म्हणशील, नातीवर अक्काचा जीव. जीव-बीव काही न्हाई. पोरगी लय हुशार हाय असंबी न्हाई. पण तिची भाकरी तू बघितलीस न्हाई. नकाशा बरा. त्या खतवाल्याच्या घरी ती पाठवली तर आठ दिवसांत परत येईल, आन वर आमालाच बोल लावील. तिला शिकवण्यावाचून तिचा दुसरा उपयोगच न्हाई. मी भागवतला सांगितलं, गाडी मी आणते, तू स्थळाला थांब म्हण. तो हसला. सिताराम, पोटच्या पोराचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

फाट्यावर आमदार साहेबाचा बोर्ड हाय. त्यात साहेब एवढा मोठा हाय की त्येच्या नाकाखाली शेळ्या सावलीला बसत्यात. खाली लिहिलंय, तुमची अडचण ती माझी अडचण, आन नंबर. मी दुसरीपर्यंतच शाळा बघितली, पण अक्षरं-आकडे मला येत्यात. निकिताच्या मोबाईलवरून लावला. फोन लागायच्या आधी गाणं लागतं, साहेब वाघ हाय, साहेब सूर्य हाय, साहेब आला की पाऊस येतो. गाणं पुरं ऐकावंच लागतं, सुटका न्हाई. मग एक पोरगी बोलली, नीलम म्हणून. आवाज गोड, जणू मी लाडवाची ऑर्डर द्यायले. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, मग बूथ कोणता ते विचारलं. मी सांगितलं. तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला, आन आवाजातली साखर एकदम कमी झाली. आमच्या बूथनं साहेबाला मतं कमी टाकलीत हे मला तवा कळलं, आन जरा बरंबी वाटलं. तरी ती म्हणली, आजी, तुमची तक्रार साहेबांच्या कानावर घालते.

कानावर घातली का कानामागं टाकली देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर साहेब सकाळी सकाळी हात जोडून यायला लागला. शुभ सकाळ. मागं गुलाबाचं फूल, पुढं चहाचा कप, मधी साहेब. मग माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. माझा वाढदिवस माझ्या आईला ठाऊक नव्हता, तो ह्येच्या हापिसाला कुठून गावला? मी परत फोन लावला. परत वाघ, परत सूर्य. नीलम म्हणली, साहेब दौऱ्यावर हायत. परत लावला, साहेब मुंबईला. परत लावला, साहेब मीटिंगमधी. शेवटी मी तिला म्हणलं, बाई, तुझा साहेब हाय का तुमी निस्ता बोर्डच उभा केलाय. तवा तिनं महारुद्र म्हणून एक पीए हाय त्येच्याकडं फोन दिला. हा महारुद्र नावानंच महारुद्र, आवाज पिचलेल्या पिपाणीगत. त्येनं मला सांगितलं की गाडी हा धोरणात्मक विषय हाय. मी म्हणलं, धोरणात्मक असू दे, सकाळी सातला पाठव. त्येनं फोन ठेवला. माझ्यावर. सिताराम, तुझ्या दाजीनं सगळ्या जन्मात माझं बोलणं मधी तोडलं न्हाई (तोडायची हिंमत झाली न्हाई म्हण), आन हा पिपाणी माझ्यावर फोन ठेवतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या सुलाबाईची सासू गेली. वय झालं होतं, कुणाला फारसं नवल वाटलं न्हाई, सुलाबाईला तर मुळीच न्हाई. पण दुसऱ्या दिवशी दारात दोन गाड्या. साहेब स्वतः. बूट काढले, सतरंजीवर बसला, सुलाबाईच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला, चहा न घेता गेला. ज्या म्हातारीनं हयातभर त्येच्या विरोधात मत टाकलं तिच्यासाठी साहेबाला येळ होता. मी मोरीत भांडी घासत हे सगळं बघायले. सुलाबाई सांगायली की त्येंनी नुसता हापिसात फोन केला होता. तिथं लग्न आन मयत ह्येची वेगळी सोय हाय. लग्नाला अक्षता टाकायला येतो, मयताला सांत्वनाला येतो. बाकीच्या माणसांनी मधल्या काळात काय करायचं ते त्येंनी ठरवलेलं न्हाई.

मी हात पुसले आन फोन लावला. वाघ, सूर्य, पाऊस सगळं ऐकलं. नीलमला म्हणलं, मयत हाय. सिताराम, तो आवाज काय बदलला. अरेरे म्हणली. आजी, धीर धरा म्हणली. बूथ विचारला न्हाई. कोण गेलं म्हणली. मी म्हणलं, घरधनी. नाव सांगा म्हणली. इथं माझी पंचाईत झाली. तुला ठाऊक हाय, आपल्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाण्यात घेतलं असंल तेवढंच, तेबी बायांनी दार अडवलं म्हणून. रेशनच्या दुकानात मी अंगठ्यानं काम भागवते, दवाखान्यात भागवतच्या बापाला आणलंय म्हणते. पण ही पोरगी भागवतचा बाप असं लिहून घ्यायला तयार होईना. इकडं तिकडं बघितलं. हे कापूस घालायला मानवतला गेले होते. डोक्यावर पदर घेतला आन म्हणलं, दिनकरराव. असं एवढ्या वर्षांनी नवऱ्याचं नाव घेतलं, तेबी मेले म्हणून सांगायला.

माझा बेत साधा होता. साहेब आला की ह्येंना बाजेवर पुढं बसवायचं, आन सगळ्या गावासमोर विचारायचं की माणूस मेल्यावर येतोस, जिता असताना कामून येत न्हाईस. आन मग गाडीचं बोलायचं. पण हापिसातली माणसं फोन उचलायला जेवढी मंद तेवढीच शोक करायला चपळ. तासाभरात सगळ्यांच्या मोबाईलवर ह्येंचा फोटो. साहेबांचा निष्ठावंत कार्यकर्ता हरपला, भावपूर्ण श्रद्धांजली. (फोटो कुठल्यातरी लग्नातला. हातात जिलबीची प्लेट होती, ती त्येंनी कापली, पण गालातली जिलबी तशीच राहिली.) तोच तुला आला आन तू रडलास. मानवतला हॉटेलात चहा पिता पिता ह्येंनीबी तो शेजारच्याच्या मोबाईलवर बघितला. हॉटेलवाल्यानं दुसरा चहा दिला पण लांबूनच सरकवला म्हणे.

घरी आले ते तणतणत. मला वाटलं, मारलं म्हणून भांडत्यात. ते नव्हतंच.

"तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"नुसतं दिनकर म्हणलीस का राव लावलंस?"

"राव लावलं."

तवा कुठं बसले आन पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. दोन न्हाई, दारापासून मारुतीच्या पारापर्यंत गाड्या. पोलीस, माईकवाले, बायांची आघाडी, पांढऱ्या साड्या. ह्येंच्या गालफुगीचा मोठा फोटो चौकटीत घालून, हार घालून त्येंनीच आणला. गाव सगळा गोळा. आन आमचे हे, ज्येंना मी बाजेवर बसवून ठेवलं होतं, ते पोलिसाची टोपी बघून उठले आन मागच्या खोलीत साठवलेल्या कापसात शिरले. पार गळ्यापर्यंत. मी म्हणलं, बाहेर या. तर आतून म्हणले, खोट्या मयतीला जेल हाय. तोवर साहेब सतरंजीवर टेकला होता.

मला बाहेर यावंच लागलं. आघाडीच्या बाया माझ्या कपाळाकडं बघायल्या. कुंकू जसंच्या तसं, हातात हिरवा चुडा. एक जण हळूच म्हणली, आजी, अजून पुसलं न्हाई का. मला आधीच राग. म्हणलं, पुसणार न्हाई, मेलं कोण आन पुसायचं काय. मी खरं तेच बोलले होते बघ. पण साहेब ताडकन उठला. माईक हातात घेतला आन म्हणला की बघा, एका अडाणी मायमाऊलीनं विधवा प्रथेला लाथ मारली, हा क्रांतीचा क्षण हाय. टाळ्या. माझा फोटो. एक पोरगी माझ्या पाया पडली. सिताराम, नवरा जिता असताना कुंकू लावल्याबद्दल माझा सत्कार झाला, शाल घालून.

मी शाल काढली आन तोंड उघडलं. म्हणलं, आता सांगते ह्येला. पण माझ्या आधी साहेबच बोलला. डोळ्याला दस्ती लावली आन म्हणला, दिनकररावांनी जाण्याच्या आदल्या दिवशी मला फोन केला होता. म्हणले, साहेब, मला काही नको, गावच्या लेकींची गाडी तेवढी चालू करा. मी शब्द दिला होता. हा शब्द पाळायला मी आज आलोय. सोमवारपासून गाडी.

मी तोंड मिटलं. मी एक खोटं बोलले होते, तेबी पदर घेऊन, घाबरत. ह्येनं त्येच्यावर माडी बांधली, आन पापणी हलली न्हाई. वर सगळ्यांसमोर डेपोत फोन लावला, आवाज मोठा करून. तिकडचा माणूस म्हणला, साहेब, पण तुमच्याच पत्रानं आमी ती गाडी... तेवढ्यात साहेबानं आवाज बारीक केला. गाव खाली मान घालून हसायला लागला. तेवढ्यात मागच्या खोलीतून हुंदका. आमचे हे कापसात बसून स्वतःच्या मोठेपणाला रडायले होते. साहेब म्हणला, आत कोण हाय. भागवत तर त्येच्या शेजारीच उभा, नाडी चाचपत. तवा राजेश्री, जी माणसांपुढं कधी तोंड उघडत न्हाई, ती म्हणली की आमचे थोरले दीर हायत, त्येंना लोकांत यायला जमत न्हाई. सुलाबाई शेजारी उभी होती, तिला ठाऊक हाय भागवतला भाऊ न्हाई. तीबी डोळे पुसत म्हणली, बिचारा. सिद्धोधन गुरुजींना साहेबानं विचारलं की दिनकरराव माणूस कसा होता, तर गुरुजी म्हणले, त्येंच्याबद्दल होता असं म्हणायला जीभ वळत न्हाई. साहेबानं त्येंना मिठी मारली.

सोमवारी गाडी आली, सातच्या सुमाराला. निकिता आन बबिता पुढच्या सीटवर बसल्या. अजून पाच-सहा घरच्या पोरी चढल्या, ज्या दिवाळीपासून घरीच होत्या. भागवतनं मानवतवाल्यांना परीक्षेनंतर बघू म्हणून कळवलं. मी त्येच्यासारखं हसले, तेवढंच.

पण सिताराम, माझा राग गेला न्हाई. गाडी आली ती आमच्या हक्कानं न्हाई आली, माणूस मारून आली. मी महिनाभर खरं बोलले तर मला गुलाबाचं फूल पाठवलं. एकदा खोटं बोलले तर शाल दिली. आन ह्येंचं तर डोकंच फिरलंय. म्हणत्यात, गाडी माझ्यामुळं आली. दिवसभर त्या चौकटीतल्या फोटोसमोर बसायलेत, हार सुकला तर मलाच बोलत्यात. ते असोच. रेणुकाला धीर दे, मोबाईल चालू कर आन पुन्हा कुणाच्या मरणाची बातमी आली तर आधी मला विचारत जा. पोरांना पापा दे. तुझी अक्का, कस्तुराबाई.

ता.क. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. रविवारी तुझे दाजी तुझ्याकडं यायलेत. निकिताची परीक्षा होईपर्यंत ठेवून घे. इथं त्येंना ठेवायची सोय न्हाई. गाव गप्प हाय कारण ज्याच्या त्याच्या घरची पोर त्या गाडीत हाय, पण हे गप्प राहायला तयार न्हाईत. काल पारावर जाऊन बसले आन गाडीच्या ड्रायव्हरला म्हणले, मीच तो. साहेबाला कळलं तर गाडी परत सासूकडं जाईल. तोंडाला दस्ती बांधून पाठवते. वांगं खात न्हाईत, घोरतात, स्टेशनावरच्या बाकड्यावर एकटं सोडू नको. दोन वाक्यांत कुणालाबी आपण मेल्याचं सांगतील.

ता.क. दुसरं. साहेब फाट्यावर थांबा बांधायलाय, कैलासवासी दिनकरराव प्रवासी निवारा. उद्घाटनाला हे येतो म्हणायलेत. खोलीला बाहेरून कडी लावत जा.

ता.क. शेवटचं. सकाळची गाडी चालू झाली पण संध्याकाळची बंदच हाय. पोरी जात्यात, यायची पंचाईत. आज नीलमला फोन केला तर परत बूथ विचारला. म्हणून तिला म्हणून ठेवलंय की पिंगळीला माझा एक धाकटा भाऊ हाय, त्येचं काही खरं न्हाई. अजून नाव सांगितलं न्हाई. बुधवारपर्यंत गाडी आली तर ठीक, न्हाई तर सांगावं लागंल. भावाचं नाव घ्यायला मला काही अडचण न्हाई. दाजी आन तू दोघं आतल्या खोलीत राहा, एकमेकाला सोबत होईल, आन रेणुकाला म्हणावं कुंकू पुसू नको, शाल मिळती.